राणीचं पुढचं बाकडं

मे लागला होता, तरी त्या सकाळी तळ्यावर धुकं असं बसलं होतं की पलीकडच्या काठावरच्या चर्चचे कांद्यासारखे घुमटसुद्धा दिसत नव्हते. रात्रभर रिपरिप झालेली. लाकूड फुगलं होतं, आणि ओल्या लाकडाचा नि वंगणाचा मिळून जो एक वास येतो, तो सगळ्या बागेवर पसरला होता. परास्का हुदाक आपल्या टपरीत उभी राहून बटाटे किसत होती. दोन बटाटे, मग एक कांदा, मग परत बटाटे. कांदा मधेमधे घातला की कीस काळा पडत नाही. ब्लिनी, म्हणजे बटाट्याची धिरडी, करायच्या तर कीस पांढराशुभ्र हवा, नाहीतर तव्यावर धिरडं नाही, चिखल उलटतोय असं वाटतं.

टपरी होती राणीच्या मोठ्या चढाच्या बरोबर पोटाखाली. डोक्यावर खांब, तिरप्या फळ्या, परत खांब, आणि त्या सगळ्यावर रूळ. तिकडून आवाज येत होता. टक्. टक्. मग खोकला. मग पुन्हा टक्. तिचा नवरा वासिल हातोडी घेऊन रुळांवरून चालत होता. बोल्टवर ठोका मारायचा, कान द्यायचा, पुढे सरकायचं. वर न बघता परास्काला कळायचं स्वारी कुठवर पोचली ते.

"आला वळणावर," ती किसणीलाच म्हणाली. "उजाडल्यापासून तिच्या अंगावरून हात फिरवतोय. बायकोने कॉफी घेतली की नाही, ते नाही विचारलं मेल्याने."

त्या दिवशी बाग उघडायची होती. तो बागेचा शेवटचा उन्हाळा असणार हे सगळ्या गावाला कळलं होतं. आणि परास्काने रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं, की आज पहिल्या फेरीला राणीच्या पुढच्या बाकड्यावर ती स्वतः बसणार. मग ती वेल्शीण हात जोडो, नाहीतर पाय आपटो.

आता ही राणी म्हणजे काय आणि ते बाकडं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं.

पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या कोळशाच्या पट्ट्यात तेव्हा ट्रॅम होत्या. आठवडाभर त्या खाणकामगारांनी भरून जायच्या आणि रविवारी रिकाम्या पळायच्या. कंपनीच्या डोक्यातून निघालं, की तळ्याकाठी एक बाग काढू, म्हणजे लोक रविवारीही ट्रॅममध्ये बसतील. बागेत नावा आल्या, नाचाचा मांडव आला, आणि मग एका वर्षी हा रोलर कोस्टर उभा राहिला. सगळा लाकडाचा. पाटीवर नाव रंगवलं 'तळ्याची राणी'. लोकांच्या तोंडी नुसती राणी राहिली. खाणीतली माणसं विनोद करायची, "सहा दिवस खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात बसून फुकट खाली पडतो, सातव्या दिवशी तिकीट काढून पडतो." पण पडायला यायची. इटालियनांची जत्रा, वेल्श लोकांच्या गायनाचा दिवस, कार्पेथियन डोंगरांतून आलेल्या आम्हा रुसिनांचा दिवस, प्रत्येकाला बागेत आपापला रविवार होता. भांडणं झाली तरी राणीच्या रांगेत सगळे एकामागोमाग उभे राहायचे.

पहिल्या दिवशी मात्र कुणी बसेना. हजार माणूस हाताची घडी घालून उभं. रूळ तपासायला कंपनीने ठेवलेला माणूस पूर्वी खाणीत गॅस तपासणारा मुकादम होता. खाणीत अशी रीत, की पाळी सुरू व्हायच्या आधी मुकादमाने एकट्याने आत जाऊन यायचं. तो जिवंत वर आला की मगच बाकीच्यांनी उतरायचं. तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सगळं ठीक आहे म्हणतोस ना? मग आधी घरचं माणूस बसव!" त्याला स्वतःला बसता येईना. वजन पडलं की खालचे खांब कसे हलतात हे बघायला त्याला मोठ्या उताराच्या तळाशी उभं राहणं भाग होतं. त्याने बायकोला पुढच्या बाकड्यावर बसवलं. बाई केस विस्कटून, पण धडधाकट परत आली, आणि तिकिटाच्या खिडकीवर झुंबड उडाली.

तेव्हापासून तो नेमच झाला. दर मे महिन्यात बाग उघडायच्या दिवशी, पहिलं तिकीट फाटायच्या आधी, रूळवाल्याच्या घरचं माणूस पुढच्या बाकड्यावर बसून एक फेरी मारणार. मागची सगळी बाकडी रिकामी. फेरी झाली की रूळवाला त्या माणसाला विचारणार, "कुठं काही वाजलं का?" आणि त्याने नाही म्हटलं की बाग उघडली.

वासिलला हे काम लागलं ते छातीमुळे. कोळशाची धूळ फुप्फुसात बसली आणि खाणीच्या डॉक्टरने उघड्या हवेत काम कर म्हणून सांगितलं. परास्काला आनंद झाला होता. नवरा खाली नाही, वर जाणार. तिचा बाप खाणीत गेला होता, थोरला भाऊ खाणीत गेला होता. नवरा आभाळाच्या दिशेने चढतोय हे बघायला तिला बरं वाटलं असणार. पण वर चढलेला माणूस खाली उतरला, तरी मनाने उतरेना. जेवताना राणी. चर्चला जाताना राणी. उपासाच्या दिवसांत सगळं गाव लोणी सोडतं, हा लोण्यासारखं वंगण हातात घेऊन राणीची तिसऱ्या वळणावरची कुरकुर सांगत बसायचा.

"ओल धरलीय गं तिनं त्या बाजूला."

"माझ्याही गुडघ्यानं धरलीय," परास्का म्हणायची. "त्याला कधी ठोका मारून बघितलास?"

तरी दर मे महिन्यात ती बसायची. भीतीने जीव जायचा तिचा. रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधायचा, डोळे मिटायचे, दांडा धरायचा आणि देवाच्या आईचं नाव घेत राहायचं. खाली आल्यावर वासिल विचारायचा, "कुठं काही वाजलं का?" ती म्हणायची, "माझे दात." लोक हसायचे. वासिलही हसायचा. तेवढा एक क्षण सगळ्या गावादेखत तो तिचा असायचा. त्या एका क्षणासाठी ती वर्षभर भिऊन राहायला तयार होती.

मग तिनेच माती खाल्ली. एका वर्षी ईस्टरच्या खाण्याच्या टोपलीला पाद्र्याचा आशीर्वाद घ्यायच्या वेळी सगळ्यांचे नवरे चर्चमध्ये, आणि वासिल राणीच्या साखळीला तेल पाजत बसलेला. आठवडाभर ती बोलली नाही. बाग उघडायच्या दिवशी सगळ्या गर्दीसमोर तो टपरीपाशी आला. "चल परास्के, वेळ झाली." हिच्या हातात उलथनं होतं. म्हणाली, "तुझ्या राणीवर तूच बस. मी नाही."

त्याला वाटलं थट्टा करते आहे. मग वाटलं, नाही. कंपनीचे मालक लॉरिमर घड्याळ काढून उभे, मागे माणसांची भिंत. वासिल वळला. समोरच तिकिटाची खिडकी होती, आणि खिडकीत ग्वेन प्रॉसर.

ग्वेन मूळची वेल्श, वेल्समधून आलेल्या खाणवाल्यांतली. तरुणपणीच विधवा झालेली. चर्चमधल्या गायनात पहिल्या ओळीत उभी राहणारी, टोपीला कायम एक पीस खोवलेली. वासिलने तिला काय म्हटलं ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने टोपी काढून आत ठेवली, बाहेर आली, आणि बाकड्यावर बसली. राणी चढली, आणि मोठ्या उतारावर ग्वेन जी ओरडली! ओरडली कसली, गायल्यासारखी एक तान लागली, ती थेट तळ्यापलीकडे जाऊन परत आली. नावांतल्या लोकांनी टोप्या उडवल्या. खाली आल्यावर वासिलने विचारलं, "कुठं काही वाजलं का?" तर ही केस मागे सारत म्हणते, "छे! लोण्यासारखं."

टपरीत ब्लिनीचा पार कोळसा झाला होता.

पुढच्या मेमध्ये परास्का रुमाल बांधून तयार बसली होती. वासिल टपरीपाशी आला, तिच्याकडे बघितलं, मागच्या वर्षीचं आठवलं असेल, आणि न विचारता खिडकीकडे गेला. तिने नाही म्हटलं होतं म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. असं एक वर्ष गेलं, मग दुसरं, आणि मग नेमच पडला. रूळवाल्याच्या घरचं माणूस म्हणून दर मे महिन्यात प्रॉसरबाई. लोक तर विसरूनही गेले की कधी काळी तिथे परास्का बसायची.

तेव्हापासून तिच्या नशिबी एक सोडून दोन सवती आल्या. एक लाकडाची, एक पिसाची. लाकडाचीला उंची होती, पिसाचीला आवाज. परास्का स्वतः बुटकी, आणि चर्चमध्ये गाताना तिचा सूर शेजारणीच्या सुराच्या पाठीवर बसून जायचा.

तिने मग नजर ठेवायला सुरुवात केली. ग्वेन थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतते. दुसरा पेला कुणाचा? ग्वेनने मनुका घातलेले चपटे केक आणले, वासिलने एक खाल्ला. एकच का खाल्ला? आवडला नाही, की आवडला हे दिसू नये म्हणून? ग्वेन ब्लिनी घ्यायला आली की परास्का तिच्या ब्लिनीत मीठ चढवायची. ग्वेन खाऊन म्हणायची, "वा! आज काय चव आहे!" त्याने तर हिचं रक्त आणखीच तापायचं.

ब्रेकवाला डॉमिनिक, लाकडी दांडा ओढून गाडी थांबवणारा इटालियन, तोंडाचा फाटका. तो मुद्दाम टपरीच्या फळीवर कोपर टेकून उभा राहायचा.

"परास्का, तुझा नवरा मोठा भाग्यवान हं."

"का रे?"

"घरी एक स्वयंपाकाला, इथे एक किंचाळायला."

"तुझी बायको दोन्ही करते म्हणे," परास्का म्हणायची. "तुझं जेवण बघून स्वतःच किंचाळते. चल हो बाजूला, गिऱ्हाईक येऊ दे."

वरकरणी हसायची. पण रात्री वासिलच्या अंगरख्याला नाक लावून बघायची. वंगणाचा वास. फक्त वंगणाचा. तेवढ्यानेसुद्धा समाधान व्हायचं नाही. तिला वाटायचं, दुसरा वास लपवायलाच एवढं वंगण फासतो.

अशी वर्षं गेली. ट्रॅमचे रूळ उखडले. लोकांनी मोटारी घेतल्या आणि त्या मोटारींत बसून ते लांबच्या मोठ्या बागांत जायला लागले, जिथे कोस्टर लोखंडाचे होते आणि उलटे करून फिरवायचे. खाणी एकेक करून मिटल्या. नाचाच्या मांडवाचं छप्पर बर्फाने बसलं ते कुणी उचललं नाही. राणी तेवढी चालत राहिली. शेवटी धाकटे लॉरिमर, म्हातारा मालक गेल्यावर आलेला मुलगा, त्यांनी सांगून टाकलं की हा एक उन्हाळा, मग जागा विकली. त्याप्रमाणे झालंही. पानगळीत राणीच्या खांबांना साखळ्या बांधून यंत्राने ओढलं, आणि ती एका अंगावर अशी आडवी झाली, जशी थकलेली म्हैस बसते. लाकूड लोकांनी कोंबड्यांच्या खुराड्यांना नेलं. आज तिथे तळ्याकाठी वाळूची गोदामं आहेत आणि राणी कुठे होती हे दाखवायला बोट कुठे करायचं तेही कळत नाही.

पण त्या मेच्या सकाळी ती अजून उभी होती, आणि धुक्यातून टक् टक् येत होतं.

धुकं वर उचललं तशी माणसं जमली. शेवटचं वर्ष म्हणून पुष्कळ जमली. कित्येक वर्षांत फिरकले नव्हते तेही आले. वासिल खाली उतरला, खांबाला हात लावून दम घेतला आणि नेहमीसारखा खिडकीकडे निघाला. ग्वेन टोपी काढतच होती. केस आता दोघींचेही पांढरे.

परास्काने तव्याखालची आग कमी केली. हात पुसले. एप्रन तसाच ठेवून टपरीबाहेर पडली आणि माणसांतून वाट काढत सरळ फलाटावर गेली. ग्वेन तोवर पुढच्या बाकड्यावर बसली होती.

"ऊठ," परास्का म्हणाली.

"काय झालं?"

"ऊठ म्हणते. रूळवाल्याच्या घरचं माणूस कोण? तू, की मी?"

डॉमिनिकने ब्रेकच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. असा तमाशा त्याला फुकटात कधी मिळणार!

"परास्के..." वासिल म्हणाला.

"तू बोलू नकोस. तू जा तुझ्या खांबाखाली."

ग्वेन उठली नाही. चिडलीही नाही. बाजूला सरकली आणि बाकड्यावर थापटून म्हणाली, "दोघींना जागा आहे, बाई. ये."

आता परत फिरावं तर सगळ्या गावासमोर नाक कापलं जाणार. परास्का बसली. डॉमिनिकने मांडीवरचा दांडा खाली पाडला, दोघींच्या पोटांवर एकच, आणि म्हणाला, "सांभाळून हं. वर भांडू नका, राणी म्हातारी आहे."

साखळीने गाडी धरली. टकटक करत चढायला लागली. परास्काने डोळे मिटले, मग या बाईशेजारी डोळे मिटून बसायचं नाही म्हणून उघडले. खाली टपरी एवढीशी होत चालली होती.

"एक विचारू?" परास्का म्हणाली.

"विचार."

"इतकी वर्षं पहिल्या फेरीआधी तो तुला काहीतरी सांगतो. खिडकीशी वाकून. काय सांगतो?"

ग्वेनने दांडा दोन्ही हातांनी धरला होता. बोटं पांढरीफटक पडली होती. "दरवर्षी एकच. 'ओरडू नकोस बाई, परास्का खाली आहे, तिला ऐकवत नाही.'"

"मग ओरडतेस कशाला?"

"भीती वाटते गं!" ग्वेन म्हणाली. "माझ्या बापाला पिंजऱ्यात बसायची भीती वाटायची, तसली. पण कुणीतरी बसायला नको? नाहीतर बाग उघडायची कशी? तू तर..."

पुढचं राहिलं. राणीने माथा ओलांडला.

परास्काला आयुष्यभर सांगता आलं नाही की त्या उतारावर तिला भीती जास्त वाटली की राग. पोट तोंडात आलं, वळणावर ग्वेनचं सगळं अंग हिच्यावर येऊन आदळलं, मग हिचं तिच्यावर. ग्वेन ओरडली, ती तान नव्हती. जवळून ऐकलं तर नुसतं भेदरलेल्या बाईचं ओरडणं होतं. पण परास्काच्या डोक्यात एकच फिरत होतं. माझी काळजी करतो, तीही हिच्याकडे! मला ऐकवत नाही हे याला कळतं, आणि ते बोलतो या बाईशी. इतकी वर्षं. माझ्याविषयीचं बोलणंसुद्धा हिने ऐकायचं! दोघांत काही असतं तर एक वेळ परवडलं असतं, तवा तरी फेकून मारला असता.

डॉमिनिकने दांडा ओढला. गाडी कचकन थांबली. माणसं टाळ्या वाजवायला लागली.

वासिल खांबांखालून येत होता. फलाटाच्या पायऱ्या चढला, समोर उभा राहिला. आता परास्का श्वास धरून बसली. दोघी शेजारी शेजारी होत्या. तो कुणाला विचारणार ते बघायचं होतं तिला. त्याने तोंड उघडलं आणि सवयीने, निव्वळ सवयीने, त्याची नजर ग्वेनकडे गेली.

"कुठं काही..."

"वाजलं!" परास्का म्हणाली.

टाळ्या थांबल्या. वासिलने मान वळवली. "कुठं?"

"तिसऱ्या वळणावर. माझ्या बाजूला. खडखड झाली चांगली."

काहीसुद्धा वाजलं नव्हतं. राणी लोण्यासारखी आली होती. ग्वेनला ते ठाऊक होतं. इतक्या वेळा बसल्यावर ठाऊक असणारच. तिने परास्काकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"हुदाक," धाकटे लॉरिमर म्हणाले, "लोक उभे आहेत. तुम्ही आत्ताच सगळं तपासून आलात ना?"

"आलो."

"मग?"

"घरचं माणूस वाजलं म्हणतंय," वासिल म्हणाला. "वाजलं म्हणजे वाजलं." आणि हातोडी कमरेला अडकवून तो परत रुळांवर चढायला लागला.

परास्काला तेव्हा जे वाटलं ते तिने बिशपपुढे कबुली द्यायची वेळ आली असती तरी सांगितलं नसतं. गाव ताटकळतंय, मालक खोळंबलाय, ग्वेन गप्प बसलीय, आणि तो चढतोय, हिच्या एका शब्दावर. इतक्या वर्षांत त्या वेल्शिणीसाठी तो एकदाही दुसऱ्यांदा चढला नव्हता. मग वरून खोकला आला. चांगलाच लांबला. हाक मारून त्याला खाली बोलवावं असं परास्काला वाटलं. पण बोलावलं असतं तर काय म्हणून? ती टपरीच्या दारात उभी राहून वर बघत राहिली. टक्. खोकला. बराच वेळ काहीच नाही. टक्. टक्.

तो उतरला तेव्हा ओठ निळसर पडले होते. सरळ टपरीपाशी आला, फळीवर हात टेकले. बोटांना ताजं वंगण होतं.

"होता एक नट ढिला," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. आवळला."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. नट कुठला ढिला असणार, सकाळी याच हाताने ठोकून बघितलेला. दोघांपैकी कोण आधी खोटं बोललं हे दोघांनाही ठाऊक होतं.

"खिडकीकडे जाऊन सांग आता तिला," परास्का म्हणाली. "तिकिटं फाड म्हणावं."

"डॉमिनिक सांगेल," वासिल म्हणाला आणि तिथेच पिंपावर बसला.

खिडकी उघडली. ग्वेनने टोपी घातली होती. पहिलं तिकीट फाडताना तिने एकदा टपरीकडे पाहिलं आणि हसली. काय म्हणून हसली? कळून हसली, की कीव आली? परास्काचं डोकं पुन्हा तापायला लागलं. पण रांगेतली दोन माणसं एव्हाना फळीपाशी आली होती आणि ब्लिनी आहेत का विचारत होती. तव्याच्या कडेला आधीचं जळकं चिकटलं होतं. तिने उलथन्याने ते खरवडून काढलं, फडक्याने तवा पुसला, चरबी सोडली, आणि किसाचं भांडं पुढे ओढून वर साठलेलं पाणी ओतून टाकलं.